भूमितीतील सिद्धता आणि निरनिराळ्या गरजांची मुले

भूमितीतील एखादे प्रमेय विद्यार्थ्यास समजले आहे किंवा नाही हे पाहण्याची एक जुनी व खात्रीची कसोटी आहे. फळ्यावरील आकृतीतील अक्षरे बदलावीत, अ-ब-क यांच्या जागी प-फ-म लिहावे आणि आकृती थोडी फिरवून काढावी. आदल्या दिवशी पक्ष, साध्य, रचना व सिद्धता हे सर्व एका दमात म्हणून दाखविणारी पुष्कळ मुले येथे अडतात. त्यांनी पाठ केलेला होता तो अक्षरांचा क्रम. अक्षरे गेली, त्याबरोबर प्रमेयही गेले. ही सर्व मुले वर्गात मागे पडलेली असतात असे नाही. पहिल्या बाकावरचीही त्यांत असतात. फरक इतकाच की, पाठांतर ज्यांना सुलभ जाते त्यांचे न समजणे गुणपत्रिकेत झाकून राहते. आणि दृष्टी, श्रवण, वाचन, लेखन अथवा स्मरण यांपैकी कशाची तरी ज्यांना अडचण आहे त्यांचे तेवढे उघडे पडते.

अशा मुलांच्या बाबतीत शाळांतून दोन प्रकारचा व्यवहार आढळतो. काही शिक्षक कनवाळूपणाने त्यांना सिद्धतेतून वगळतात. आकृती काढता आली, कोन मोजता आला, तरी पुष्कळ झाले असे मानतात. इतर काही जण परीक्षेत येण्याजोगी दोन-तीन प्रमेये घोकून घेतात. पहिल्या प्रकारात मुलाला काहीच दिले जात नाही, दुसऱ्यात त्याला चुकीची वस्तू दिली जाते. आणि या दोहोंत दुसरा प्रकार अधिक हानिकारक होय, कारण त्यामुळे सिद्धता म्हणजे कारण नसलेल्या वाक्यांची माळ, अशी मुलाची समजूत कायमची होऊन बसते.

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत मूल जे काही शिकते त्यातील बहुतेक भाग ते शिक्षकाच्या किंवा पुस्तकाच्या शब्दावर मान्य करीत असते. सनावळी, राजधान्या, शब्दांचे अर्थ यांत 'असेच का?' असे विचारण्याचा त्याला फारसा वाव नसतो. सिद्धता हा या सर्वांहून निराळा व्यवहार आहे. येथे कारण बरोबर असेल तर ते वर्गातील सर्वांत अबोल मुलाने दिले तरी मान्य करावे लागते, आणि कारण चूक असेल तर ते शिक्षकाने दिले म्हणून टिकत नाही. ज्या मुलाला इतर विषयांत सदैव दुसऱ्याच्या मागून चालावे लागते, त्याला हा अनुभव नाकारणे हे मोठे नुकसान आहे. म्हणून विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी साधन बदलावे, वेळ वाढवावा, लेखन कमी करावे. विधानामागील कारण मात्र वगळू नये.

नेदरलंड्समधील पीअर व्हॅन हिले आणि डिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ साली उट्रेक्ट येथे सादर केलेल्या प्रबंधांतून या प्रश्नाचा एक भाग पुष्कळसा स्पष्ट झाला. मूल प्रथम आकृती केवळ तिच्या एकंदर रूपावरून ओळखते. पुढे तिचे गुणधर्म पाहू लागते. त्यानंतर एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो हे त्यास दिसू लागते. आणि त्याच्याही पुढे सिद्धतेची रचना त्याच्या आवाक्यात येते. या पायऱ्या वयाबरोबर आपोआप चढल्या जात नाहीत, त्या अध्यापनाने चढाव्या लागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल खालच्या पायरीवर असेल तर दोघे एकच शब्द वापरूनही निराळ्या भाषा बोलत असतात. आठवीच्या वर्गात एक पायरी खाली आकृत्या नुसत्या ओळखणारी मुले असतात आणि एक पायरी वर कारणे शोधणारीही असतात. सर्वांना एकाच वेळी एकच सिद्धता फळ्यावरून उतरवून देण्याने यांपैकी कोणाचेच भले होत नाही.

त्रिकोणाच्या तीन कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते, हे प्रमेय उदाहरणादाखल घ्यावे. प्रत्येक मुलाने आपल्या मनाचा त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजावेत आणि बेरजा फळ्यावर मांडाव्यात. १७८, १८१, १८०, १७९ अशा बेरजा येतील. पुष्कळ शिक्षक येथे घाईने 'बेरीज १८० यावयास हवी' असे सांगून वह्या दुरुस्त करवितात. ही घाई करू नये. मोजमापाने उत्तर जवळपास येते, नेमके येत नाही. आणि वर्गातील चाळीस त्रिकोण मोजले तरी उरलेल्या त्रिकोणांविषयी काही निश्चित सांगता येत नाही, ही खटक मुलांच्या मनात राहू द्यावी. सिद्धतेची गरज जेथे उत्पन्न होते ती हीच जागा. जी खटकच उत्पन्न झाली नाही तिचे निवारण कशाला करावयाचे, असे मुलाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

नंतर कागदी त्रिकोण घ्यावा, कोपऱ्यांवर अ, ब, क लिहावे आणि ब व क हे कोपरे फाडावेत. ब हा तुकडा पालथा न करता अर्धा फेरा फिरवून अ च्या एका अंगास लावावा, क हा तसाच फिरवून दुसऱ्या अंगास लावावा. वरची कड सरळ रेषेत येते. बहुतेक शाळांत हा प्रयोग होतो, परंतु येथेच संपतो, आणि मग सिद्धता एखाद्या परक्या पाहुण्यासारखी वेगळी येते. वस्तुतः सिद्धता या तुकड्यांतच आहे. वर आलेली ती सरळ कड म्हणजेच अ मधून बक या बाजूस काढलेली समांतर रेषा होय. तिच्यावर ब च्या अंगास प आणि क च्या अंगास फ हे बिंदू घ्यावेत. ब चा तुकडा जेथे बसला तो कोन पअब. समांतर रेषांच्या व्युत्क्रम कोनांची मापे समान असतात म्हणून तो कोन ब इतका. त्याचप्रमाणे कोन फअक हा कोन क इतका. तीन कोन मिळून अ पाशी सरळ कोन होतो. तुकडा अर्धा फेरा फिरविला, ही हाताची कृती आणि 'व्युत्क्रम कोन' हे तोंडचे कारण, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे मुलाला दिसले पाहिजे. अ मधून समांतर रेषा काढून केलेली ही सिद्धता पायथागोरसच्या अनुयायांनी दिली होती, असे युक्लिडचा प्राचीन टीकाकार प्रोक्लस याने युडेमसच्या आधारे नमूद केले आहे. इतकी जुनी सिद्धता कागदाच्या तुकड्यांत मावते, हे मुलांना सांगण्यास हरकत नाही.

वर्गात मूल कोठे अडते हे पाहिले असता अडचणीच्या जागा निरनिराळ्या असल्याचे दिसून येते. एकाला प्रमेयाचे वाक्य वाचूनच कळत नाही; दुसऱ्याला वाक्य कळते पण गुंतलेल्या आकृतीतून हवा तो त्रिकोण वेगळा काढता येत नाही; तिसऱ्याला कारण माहीत असते, ते योग्य जागी आठवत नाही; चौथ्याला सर्व कळते आणि तोंडी सांगताही येते, पण लिहिताना हात अडतो. या चारही मुलांच्या वहीत शेवटी सारखेच कोरे पान दिसते, आणि शिक्षक चौघांनाही 'पुन्हा वाच' असा एकच उपाय सांगतात. वाचावयाचे, पाहावयाचे, आठवावयाचे, लिहावयाचे ही कामे काही काळ एकमेकांपासून सोडवून ठेवणे हा खरा उपाय होय.

त्यासाठी कागदाच्या पट्ट्यांचे साधन फार उपयोगी पडते व त्यास खर्चही नाही. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा विरुद्ध कोन समान असतात, हे प्रमेय त्यास सोयीचे. रेषा अब आणि रेषा कड या म बिंदूत छेदतात असे समजावे. चार पट्ट्यांवर विधाने लिहावीत: कोन अमक आणि कोन कमब यांची बेरीज १८०°, कोन कमब आणि कोन बमड यांची बेरीज १८०°, म्हणून या दोन बेरजा समान, म्हणून कोन अमक आणि कोन बमड समान. निराळ्या रंगाच्या चार पट्ट्यांवर कारणे लिहावीत: पहिल्या दोहोंसाठी 'रेषीय जोडीतील कोन', तिसऱ्यासाठी 'दोन्ही बेरजा १८०°', चौथ्यासाठी 'दोन्हींतून कोन कमब वजा केला'. याखेरीज 'आकृतीत तसे दिसते' अशी एक फसवी पट्टीही गठ्ठ्यात टाकावी. ती कोणी वापरली तर त्यावर होणारी चर्चा चार प्रमेयांच्या तोडीची ठरते. मुलांनी जोड्या लावून क्रम मांडावा. पहिल्या दोन पट्ट्यांचा क्रम उलटा लागला तरी सिद्धता बरोबरच असते. तो क्रम पुस्तकासारखा नाही म्हणून चूक ठरविणारा शिक्षक मुलाला नकळत पाठांतराकडेच परत ढकलतो.

पट्ट्या मांडता येऊ लागल्या की एकेक पट्टी कोरी करावी, आणि ती शेवटाकडून करावी. प्रथम केवळ शेवटचे विधान मुलाने पूर्ण करावे, मग शेवटची दोन, मग तीन. यामुळे अगदी मंद गतीने शिकणारे मूलही प्रत्येक वेळी सिद्धता पूर्ण केल्याच्या समाधानाने उठते. आरंभीच अडून बसत नाही. ज्याचे लक्ष फार वेळ टिकत नाही त्याच्यासमोर एका वेळी दोनच पट्ट्या ठेवाव्यात, बाकीच्या झाकाव्यात.

कारण म्हणजे काय हे मात्र आधी स्पष्ट असावे लागते. येथे आपल्याकडील न्यायशास्त्रातील परिचित उदाहरण उपयोगी आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे चुलीपाशी. नुसता धूर दाखवून अग्नी सिद्ध होत नाही. मागे एक सर्वत्र लागू पडणारा नियम असावा लागतो. कारणाच्या पट्टीवर लिहावयाचा तो असा नियम. 'पक्ष' आणि 'साध्य' हे शब्दही न्यायशास्त्रात आहेत, तेथे त्यांचा अर्थ काहीसा निराळा आहे. पण मुलाची अडचण याहून साधी असते. 'पक्ष' हा शब्द त्याने निवडणुकीत आणि पितृपंधरवड्यात ऐकलेला असतो, आणि 'विरुद्ध' म्हटले की त्याला भांडण आठवते. आरंभी 'काय दिले आहे' व 'काय दाखवावयाचे आहे' असे म्हणावे. पारिभाषिक शब्द नंतर, अर्थ रुजल्यावर द्यावेत.

ज्यांची घरची बोली मराठीहून निराळी आहे, मेळघाटातील कोरकू, नंदुरबारकडील भिली व पावरी, गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणारी मुले, त्यांना तर हे अत्यावश्यक आहे. त्यांनी कारण प्रथम आपल्या बोलीत एकमेकांना सांगावे, मग मराठीत मांडावे. बोलीत दिलेले कारण हे कारणच असते.

दृष्टिहीन मूल वर्गात असेल तर शिक्षकाच्या बोलण्यातच प्रथम बदल व्हावयास हवा. 'हा कोन', 'ती बाजू', 'इकडे पाहा' हे शब्द त्याच्या उपयोगाचे नाहीत. 'कोन अबक', 'बाजू बक' असे पूर्ण नाव घेऊन बोलण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली की तिचा लाभ संपूर्ण वर्गास होतो, कारण डोळस मुलांतही 'हा' म्हणजे कोणता हे न कळलेली अनेक असतात. आकृतीसाठी पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटविलेला जाड दोरा पुरेसा असतो. शिवणकामातील दातेरी चक्री कागदाच्या मागील बाजूने दाबून फिरविल्यासही रेघ उठून येते. मात्र अशा वेळी मूळ आकृती उलटी काढावी लागते, अन्यथा डावे-उजवे बदलून मुलाचा गोंधळ होतो. स्पर्शाने आकृती एकदम कळत नाही, तुकड्यातुकड्याने कळते. म्हणून बोटे आकृतीवरून दोन-तीन वेळा फिरू द्यावीत, आणि रचनेतील नवी रेषा आरंभी न दाखविता नंतर सुतळीने लावावी, म्हणजे मूळची कोणती व मागाहूनची कोणती हे हातास कळते. अल्पदृष्टी मुलास जाड काळी रेघ व एका पानावर एकच आकृती एवढे केले तरी पुष्कळ साधते.

समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय या दृष्टीने फार बोधप्रद आहे. समान बाजूंसमोरील कोन समान असतात हे सिद्ध करण्यासाठी सामान्यतः शिरःकोनाचा दुभाजक काढून त्रिकोणाचे दोन भाग करतात व ते एकरूप दाखवितात. युक्लिडची स्वतःची सिद्धता याहून बरीच लांब होती. युरोपातील मध्ययुगीन विद्यार्थी तेथे इतके अडत की त्या प्रमेयाला 'गाढवांचा पूल' असे नाव पडले. परंतु प्रोक्लसने अलेक्झांड्रियाच्या पॅपसची म्हणून एक सिद्धता दिली आहे, तीत काहीच रचना करावी लागत नाही. त्रिकोण अबक मध्ये अब आणि अक समान आहेत. हा त्रिकोण त्याच्याच उलट नावाशी, म्हणजे अकब शी, ताडून पाहावा. अब बरोबर अक, अक बरोबर अब, आणि अ हा कोन दोहोंत तोच; म्हणून बाकोबा कसोटीने दोन्ही एकरूप, म्हणून कोन ब व कोन क समान. डोळस मुलाला एकच त्रिकोण दोनदा मोजलेला पाहून हे विचित्र वाटते. दृष्टिहीन मुलाच्या हातात मात्र पुठ्ठ्याचा त्रिकोण आणि त्याच मापाची चौकट दिली की ते त्रिकोण उचलून, पालथा करून, पुन्हा त्याच चौकटीत बसविते आणि हातानेच हा युक्तिवाद पूर्ण करते. सर्व वर्गाने डोळे मिटून तसे करून पाहावे. ज्यास मदत द्यावयाची त्याच्यासाठी शोधलेला मार्ग सर्वांनाच अधिक जवळचा निघतो, असे या विषयात वारंवार घडते.

कर्णबधिर मुलाची अडचण निराळी आहे. शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलतात, तेव्हा ओठ दिसत नाहीत; आणि वर्गाकडे तोंड करून आकृतीवर काठी ठेवून बोलतात, तेव्हा मुलाने ओठ पाहावेत की काठी, हा प्रश्न पडतो. आधी दाखवावे, थांबावे, मग तोंड वळवून बोलावे. 'जर–तर', 'म्हणून', 'कारण', 'परंतु' हे लहान शब्द ऐकून सहज अंगवळणी पडतात. ज्याने ते फारसे ऐकलेच नाहीत त्याला ते मुद्दाम शिकवावे लागतात. या शब्दांसाठी वर्गाने ठराविक खुणा ठरवाव्यात, फळ्यावर बाण काढावेत, एका विधानातून दुसरे निघते ते बाणाने दाखवावे. बाणांची अशी सिद्धता पुढे वाक्यांत उतरविणे अवघड जात नाही.

वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेली मुले बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर आळसाचा ठपका लवकर बसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला असल्याने ही बाब आता केवळ शिक्षकाच्या सहानुभूतीवर सोडलेली नाही. भूमितीत तर या मुलांची विशेष कुचंबणा होते. कोन अबक आणि कोन बअक यांतील फरक केवळ अक्षरांच्या क्रमाचा असतो, आणि नेमका क्रमच त्यांच्या हातून निसटतो. समान कोन एका रंगाने, समान बाजू दुसऱ्या रंगाने रंगवाव्यात, आणि मुलाने 'लाल कोन निळ्या कोनाइतका' असे म्हटले तर ते स्वीकारावे. अशा मुलाने सिद्धता तोंडी सांगावी, सोबत्याने ती लिहून घ्यावी. सोबत्याने मात्र ऐकले तेवढेच लिहावे. राहिलेले कारण आपल्या पदरचे घालू नये. हे शिस्तीने पाळले तर लिहून घेणाऱ्या मुलालाही सिद्धतेतील रिकामी जागा कोठे असते हे कळू लागते.

चलाख मुलांची गरजही गरजच आहे. त्यांना दुसऱ्यांचे काम तपासण्यास बसवून वेळ काढणे योग्य नव्हे. बाकोबा ही कसोटी आहे, तर बाबाको ही कसोटी का नाही, असा प्रश्न त्यांना द्यावा. अ पाशी ३०° चा कोन, त्याची एक भुजा अब ८ सेंटिमीटर, आणि ब पासून समोर टेकणारी काडी ५ सेंटिमीटर. काडी ब भोवती फिरविली की ती दुसऱ्या भुजेस दोन ठिकाणी टेकते. मापे तीच, त्रिकोण दोन. हे काड्यांनी करावयाचे असल्याने मंद गतीचे मूलही त्यांच्या जोडीस बसू शकते, आणि दुसरी जागा त्यालाच आधी सापडणे अशक्य नाही.

राहिला प्रश्न ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचा. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास गेलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, आणि सिद्धता ही साखळी असल्याने मधले एक कडे गेले की पुढचे काहीच हाती लागत नाही. अशा मुलास मागील सर्व प्रमेये क्रमाने पुरी करावयास लावणे व्यवहार्य नसते. परतल्यावर त्यास तीनच नियम पक्के करून द्यावेत: रेषीय जोडीतील कोन, समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन, आणि बाकोबा. या लेखातील चारही सिद्धता एवढ्यावर उभ्या राहतात. जाण्यापूर्वी पट्ट्यांचा एक संच पाकिटात घालून बरोबर दिल्यास तोडीच्या मुक्कामीही तो मांडता येतो. तेथे भावंडे असतात व त्यांना तो खेळ वाटतो. ज्या वर्गात अशी मुले आहेत तेथील शिक्षकांनी ही पाकिटे दिवाळीच्या सुटीपूर्वी तयार ठेवावीत आणि पट्ट्या पावसात भिजणार नाहीत अशा प्लास्टिकच्या पिशवीत द्याव्यात.